पुरुषांचा नित्याचा सुगंध

कोठी-सुलतान बाजार हा हैदराबादेतील मराठी मंडळींच्या जुन्या वहिवाटीचा भाग. तेथून अफजलगंजावरून मुसी ओलांडून पत्थरगट्टीकडे गेले की अत्तराची दुकाने लागतात. हीना, गुलाब, ऊद यांचा दरवळ गिऱ्हाइकाला दुकानात शिरण्यापूर्वीच गाठतो. लग्नसमारंभात हे अत्तर शोभून दिसते. परंतु भरलेल्या बसमधून कचेरीस जाणाऱ्या, ग्रंथालयात दुसऱ्याशेजारी बसून वाचणाऱ्या पुरुषाने रोज कोणता सुगंध लावावा? हा प्रश्न शृंगाराचा वाटला, तरी मुळात तो शेजारधर्माचा आहे. नकोसे दृश्य दिसले तर डोळे मिटता येतात. श्वास मात्र थांबवता येत नाही. दम्याच्या वा अर्धशिशीच्या रुग्णाला दुसऱ्याच्या उग्र अत्तराची फार मोठी किंमत मोजावी लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या परिचयाचेच आहे. ताप चढला की कपाळावर ज्याच्या घड्या ठेवीत, ते कोलनवॉटर! अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कोलोन शहरी स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन गंधकाराने ते लोकप्रिय केले. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या सालींची तेले मद्यार्कात मिसळावयाची आणि त्यांना रोजमेरी, लव्हेंडर अशा सुवासिक वनस्पतींची जोड द्यावयाची, अशी या जातीच्या सुगंधाची सामान्य घडण असते. आपण मात्र त्याला औषधाच्या कपाटात ठेवून दिले.

हा गंध फार वेळ टिकत नाही, अशी तक्रार असते. सालीच्या तेलातील लिमोनीनसारखी द्रव्ये हलकी असल्याने चटकन उडून जातात. उलट, पारंपरिक अत्तराला चंदनाच्या तेलाची बैठक असते. ते जड असल्याने गंध धरून ठेवते. पण नित्याच्या व्यवहारात हे लवकर विरणे दोषास्पद का मानावे? स्नानानंतरचा टवटवीतपणा तो देतो आणि कामाला आरंभ होईतो बाजूस सरतो. थोडा अधिक काळ हवा असेल, तर त्याच्या तळाशी वाळ्याचा किंचित अंश असलेला प्रकार निवडावा. दख्खनच्या उन्हाळ्यात तो सुखद वाटतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. बर्गमॉट आणि लिंबू यांच्या न शोधलेल्या तेलात असे घटक असतात, की ते त्वचेवर असताना ऊन लागल्यास चट्टे उठतात, काळे डागही पडतात. म्हणून घरी केलेले मिश्रण मानेवर वा मनगटावर लावून उन्हात जाऊ नये. तयार सुगंधही कपड्याने झाकलेल्या भागी किंवा सुती रुमालावर लावणे बरे.

प्रमाणाचा नियम सोपा आहे. हस्तांदोलन करणाऱ्यास जाणवावा, दाराशी उभ्या असलेल्यास नव्हे, इतकाच सुगंध पुरे. आपण आल्याची वर्दी आपल्या कामाने द्यावी. अत्तराने ती देण्याचे कारण नाही.