फरक आणि ६१७४



आज एका आकड्याविषयी बोलणार आहे. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. चौथीच्या मुलाला येईल एवढेच गणित आहे.

चार अंकी संख्या घ्या. समजा, १९०५. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९५१०. मग चढत्या क्रमाने, ०१५९. मोठीतून लहान वजा करा. उरले ९३५१. त्यावर पुन्हा हीच क्रिया करा. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. आणखी पुढे जाऊन पाहा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! गाडी इथेच थांबते. १९४७पासून निघालात तरी मुक्काम हाच, तोही पाच पायऱ्यांत. सातांहून जास्त पायऱ्या कोणालाच लागत नाहीत.

१९०५ मी मुद्दाम घेतले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे ते जन्मवर्ष. जन्म डहाणूचा. १९३० ते १९६२ त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. ६१७४चा हा गुण त्यांनी १९४९मध्ये शोधला. इथल्या काही जाणकारांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, आणि मास्तरांचे नाव जगभर पोचले. आज ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीतच हजारो संख्या आटून फक्त ५४ उत्तरे उरतात, आणि त्या सगळ्यांच्या वाटा ६१७४ला मिळतात.

आमच्याकडे ७८६ हा आकडा आदराने लिहितात. ‘बिस्मिल्लाह’च्या अक्षरांना अंक देऊन केलेली ती बेरीज. तो मान श्रद्धेने दिलेला आहे. ६१७४ श्रद्धा मागत नाही. कोणत्याही घरातल्या पोराने पाटीवर करून पाहावे, उत्तर तेच येते.

एक अट मात्र आहे, आणि मला तीच मोलाची वाटते. चारही अंक एकच असले तर? ४४४४ कसेही मांडा, हाती शून्य. खेळ तिथेच संपला. पण त्यातला एकच अंक बदला, ४४४३ करा. वजाबाकी ०९९९ येते, वाट मोकळी होते आणि पाचव्या पायरीला ६१७४ भेटतो. म्हणजे निघायला थोडा तरी फरक लागतो.

वजा, बाकी, फरक हे तिन्ही शब्द मुळात अरबी. मराठीत ते असे रुळले की दुकानाच्या वहीत किंवा शाळेच्या फळ्यावर त्यांना कोणी गाव विचारत नाही. मला मात्र कवितावाचन संपल्यावर अजूनही कोणी विचारते, ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ प्रश्नात आकस नसतो, नवल असते. मी हसून सांगतो, घरात जी बोलतो तिच्यातच लिहितो.

गणित उपदेश करत नाही, हे मी जाणतो. पण सगळे अंक एकसारखे केले की बाकी काही उरत नाही, एवढे मास्तरांच्या या वजाबाकीतून मी शिकलो. आज मुलांना जवळ बसवा आणि त्यांच्या जन्मवर्षापासून सुरुवात करून पाहा.