सोबत वाचू या
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



माझा जन्म बँकेतल्या लेजरांत गेला, डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण चार वर्षांपूर्वी आमच्या सौ.ला पक्षाघात झाला. हात-पाय सुधारले, बोलणं अडकलं. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा झाली की बोलणं जातं, हे फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली दाखवलं. बुद्धी जात नाही, हे मात्र आपल्याला अजून पटत नाही. भेटायला येणारे तिच्यासमोरच मला विचारतात, "वहिनींना कळतं ना?" अहो, दूधवाल्याचा हिशेब आजही तीच पकडते!

तिला 'पाणी' म्हणता येईना, पण गणपतीत सगळ्यांबरोबर आरती आली. पाठ असलेलं, तालातलं, दुसऱ्याच्या आवाजासोबतचं बोलणं पुष्कळदा शिल्लक राहतं, असं थेरपिस्ट बाई म्हणाल्या. अमेरिकेत ओकलंडला तर अशा मंडळींचे पुस्तकगट चालवले गेले. आपल्या नाशकात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्याही इथूनच निघाल्या. पुस्तकांना तोटा नाही, सोबत हवी.

म्हणून आम्ही पाच-सहा जण गुरुवारी बसू लागलो. एकच पान, मोठ्या टाइपात, प्रत्येकाला झेरॉक्स. आधी एकाने वाचायचं, मग सगळ्यांनी एका सुरात. नंतर वाक्यातला शेवटचा शब्द सोडायचा आणि थांबायचं. हे थांबणं फार अवघड. शब्द पुरवायला आपली जीभ शिवशिवते. मी मनात नोटा मोजतो. बोलता आलं नाही तर बोटाने दाखवावं, मान हलवावी. "हा रंग कोणता?" असली मास्तरकी नको. थेरपी चालू ठेवायचीच, हा तिला पर्याय नव्हे.

पावसाळ्यात गोदावरीच्या पुरावर मीच चार ओळी लिहून नेल्या होत्या. 'पाणी पोचलं दुतोंड्या मारुतीच्या...' आणि थांबलो. शेजारचे भाऊ न राहवून म्हणाले, "कमरेला." ही एकदम उसळून म्हणाली, "छातीला!" भाऊ ऐकेनात. ही परत, "छातीला! छातीला!" चार वर्षांत ती पहिल्यांदा कुणाशी भांडली.

आणखी दोन घरांत असे पेशंट आहेत, त्यांना घेऊन या. वाचणारेही हवेत, कॉलेजची मुलं चालतील. गुरुवारी साडेपाचला, खालच्या हॉलमध्ये. चष्मा आणा.