काळें पडणारें तेल

सोलापूरचा उन्हाळा कसा असतो, हें सोलापूरकरांस सांगावयास नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, रस्त्यावरील धूळ भर दुपारीं हवेंत तशीच उभी राहते आणि माणसाप्रमाणें यंत्रहि धापा टाकूं लागतें. अशा दिवसांत एक मध्यम स्थितींतील गृहस्थ आपली मोटार घेऊन गॅरेजांत जातो, असें समजा. गाडी दहा-बारा वर्षांची. तिचें रोजचें काम म्हणजे सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत जाऊन येणें, मुलांना शाळेंत सोडणें. आणि महिन्यांतून एखादे वेळीं तुळजापूर किंवा पंढरपूर. मेस्त्री तेलाची काडी बाहेर ओढतो, चिंधीनें पुसतो, पुन्हां बुडवून वर काढतो आणि गृहस्थापुढें धरतो. तेल काळेंकुट्ट झालेलें असतें. “साहेब, एंजिन आंतून घाण झालें आहे. एकदां साफ करून घ्यावें लागेल,” असें म्हणून तो फळीवरील एका डब्याकडे बोट दाखवितो. एंजिन धुऊन काढणारें तें खास तेल असतें, आणि त्याची किंमतहि खास असते. गृहस्थ मनांत हिशेब करूं लागतो. डबा घ्यावा तर महिन्याचें अंदाजपत्रक कोलमडतें; न घ्यावा तर एंजिन बसेल ही भीति.

या भीतीला उत्तर देण्यापूर्वीं त्या काडीनें दिलेली साक्ष नीट वाचली पाहिजे. तेल काळें पडलें म्हणजे तें बिघडलें, ही समजूत फार पसरलेली आहे. परंतु ती बहुतांशीं खोटी आहे. घरांत वापरून मळलेली सोलापुरी चादर धुवावयास घेतली म्हणजे साबणाचें पाणी काळें होतें. त्या वेळीं गृहिणी साबणाला दोष देत नाहीं. उलट पाणी स्वच्छच राहिलें असतें, तर तिला साबणाची शंका आली असती. मळ सुतांतून सुटला आणि पाण्यांत तरंगत राहिला, एवढाच त्या काळेपणाचा अर्थ. मात्र तेंच पाणी न बदलतां चादर त्यांत तशीच बुडवून ठेवली, तर सुटलेला मळ पुन्हां सुतावर जाऊन बसतो. एंजिनांतील तेलाचा व्यवहार हुबेहूब असाच आहे. काडीवर काळें दिसणारें तेल पुष्कळदां आपलें काम करीत असतें. खरा प्रश्न तें किती काळें आहे हा नसून किती दिवसांचें आहे, हा आहे.

हा मळ येतो कोठून? एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. त्यांतील बहुतेक वाफ धुराच्या नळीवाटे बाहेर जाते, पण थोडीशी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खालीं चेंबरमध्यें, म्हणजे तेलाच्या टाकींत, उतरते. तिच्यासवें अर्धवट जळलेलें इंधन, काजळी आणि आम्लें हीं येतात. शिवाय तेल स्वतः उष्णतेनें व हवेनें विटतें. तेलाची उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्याच्या विटण्याचा वेग सुमारें दुपटीनें वाढतो, असा एक ठोकताळा आहे. या सर्वांचें पर्यवसान दोन प्रकारच्या मळांत होतें. तापलेल्या पिस्टनवर लाखेसारखा कठीण, तांबूस थर चढतो. आणि ज्या कोपऱ्यांत ऊब कमी असते, तेथें, विशेषतः वरच्या झांकणाखालीं, मऊ काळा गाळ सांचतो. रिंगांच्या खोबणींत तेल परत खालीं जाण्याकरितां जीं बारीक छिद्रें असतात, तीं या थरानें बुजलीं म्हणजे तेल सिलिंडरांत चढून जळूं लागतें. गाडी तेल खाते, असें जें म्हणतात त्याचें एक प्रमुख कारण हें होय. रिंगा किंवा बोअर झिजले असतील तर गोष्ट निराळी; झिजलेल्या धातूला कोणतेंहि तेल पुन्हां वाढवीत नाहीं.

येथें एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. आठवड्यांतून एकदां हैदराबादला जाऊन येणारी गाडी आंतून अधिक स्वच्छ राहते, आणि गांवांतल्या गांवांत दोन-तीन किलोमीटर फिरणारी अधिक मळते. लांबच्या प्रवासांत तेल पुरेसें तापतें व त्यांत उतरलेलें पाणी उडून जातें. बाजारापर्यंत जाऊन थांबणाऱ्या गाडींत तें तसेंच मुरतें. पौष महिन्यांत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, सकाळीं तेल भरण्याचें झांकण उघडून पाहिलें तर त्याच्या आंतल्या बाजूस कधीं कधीं दुधाळ फेस आढळतो. तो या पाण्याचा असूं शकतो. (तोच फेस काडीवरहि दिसला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर मात्र मेस्त्रीकडे जाण्यास विलंब करूं नये.) घरची गाडी वर्षांत तीन-चार हजार किलोमीटरच चालते, मग तेल दोन-तीन वर्षें कां चालूं नये, असें म्हणणारे गृहस्थ म्हणूनच फसतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत बहुधा दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं होईल तें, अशी मर्यादा दिलेली असते. सोलापुरांतील कित्येक घरगुती गाड्यांना त्यांतील वर्षाचीच मर्यादा लागू पडते, हें कोणी लक्षांत घेत नाहीं.

स्वच्छ करणाऱ्या तेलाचा शोध आजकालचा नव्हे. 1930 नंतरच्या दशकांत अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांत रिंगा चिकटून बसण्याची तक्रार वाढली. तेव्हां तेलांत साबणाच्या जातीचीं धातुयुक्त द्रव्यें मिसळण्याची युक्ति निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धांत सैन्याच्या वाहनांमुळें तिचा प्रसार झाला. 1947 सालीं अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें तेलाचे तीन वर्ग ठरविले: साधें, प्रीमियम आणि हेव्ही ड्यूटी. यांपैकीं मळ धुणारें तें तिसरें. त्याच वर्षीं मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यांतून पहिली मोटार बाहेर पडली. त्या कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 सालीं सोलापुरांतलाच, हें येथील श्रोत्यांना अभिमानानें आठवण्यासारखें आहे.

त्या काळच्या कित्येक एंजिनांत सर्व तेल गाळून घेणारी फिल्टरची सोय नसे. साध्या तेलानें मळ धरून न ठेवतां तो चेंबरच्या तळाशीं बसूं द्यावा, हीच व्यवस्था त्यांत अभिप्रेत होती. अशा एंजिनांत वर्षानुवर्षें साधें तेल वापरून मग एकाएकीं धुणारें तेल घातलें कीं तळाचा गाळ निघे, तो पंपाच्या तोंडाशीं असलेल्या जाळींत अडके आणि तेलाचा पुरवठा तुटे. “धुणाऱ्या तेलानें एंजिन बसतें” ही जी म्हण गॅरेजांतून अजून ऐकूं येते, तिचें मूळ येथें आहे. ती अगदींच निराधार नव्हे. पण ज्या तेलाविषयीं ती निघाली, त्याच्या उलट परिस्थिति आज आहे. आज नांवाजलेल्या कंपनीचें मोटारीचें कोणतेंहि तेल घेतलें, तरी त्यांत धुणारीं आणि मळ तरंगत ठेवणारीं द्रव्यें असतातच. पहिलीं बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम या धातूंचीं असतात व तीं आम्लाचा नाशहि करितात; दुसरीं काजळीच्या कणांना एकमेकांस चिकटूं देत नाहींत. तात्पर्य, फळीवरील साधा डबा हाहि एंजिन धुणाराच आहे. भेद जातीचा नसून प्रमाणाचा आहे.

मग या खास तेलांत कांहींच तथ्य नाहीं काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. पिस्टनवर पूर्वीं बसलेला थरहि हळूहळू काढूं शकतील, अशीं तेलें अलीकडे निघालीं आहेत. अमेरिकेत 2024 सालीं असें एक तेल मोठ्या जाहिरातीनें बाजारांत आलें. परंतु एका डब्यानें एंजिन उजळेल असें अशा तेलाचे उत्पादकहि म्हणत नाहींत. लागोपाठ कित्येक वेळां तेंच तेल भरावें, अशी त्यांची अट असते. रिंगा चिकटल्यामुळें तेल खाणाऱ्या, पण धातूनें अजून धडधाकट असलेल्या गाडीला अशा तेलाचा उपयोग होणें शक्य आहे. एंजिन उतरवून रिंगा बदलण्याच्या खर्चापुढें त्या चार डब्यांची किंमत कांहींच नाहीं. ज्या गाडीचें तेल पहिल्यापासून वेळेवर बदललें गेलें आहे, तिच्यांत मात्र या तेलाला काढावयास थरच नसतो. तिच्या मालकानें पैसे जपून ठेवावे हें उत्तम.

साबण जितका अधिक तितकी स्वच्छता अधिक, हा हिशेबहि येथें चालत नाहीं. धुणारीं द्रव्यें धातूचीं असल्यामुळें तीं जळलीं कीं राख मागें राहते. 1 एप्रिल 2020 पासून भारतांत बी. एस. सहा हे नियम लागू झाले, आणि तेव्हांपासून डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारा फिल्टर सामान्यतः आढळतो. काजळी त्यांत जाळून टाकतां येते, राख जाळतां येत नाहीं. ती सांचत जाऊन शेवटीं फिल्टर बुजवते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचें तेलच लागतें. टर्बो बसविलेल्या, सिलिंडरांत थेट पेट्रोल उडविणाऱ्या लहान एंजिनांची अडचण आणखी निराळी आहे. कमी वेगांत जोर लावला असतां त्यांत ठिणगीपूर्वींच इंधन पेट घेतें व क्वचित् पिस्टन फुटतो. तेलांतील कॅल्शियम अधिक झालें तर हा धोका वाढतो, असें आढळून आल्यामुळें नव्या तेलांत कॅल्शियमचा कांहीं भाग काढून मॅग्नेशियम घालण्यांत आलें. 2020 सालीं निघालेल्या एस्‌पी या दर्जाच्या तेलाला याविषयींची कसोटी द्यावी लागते. ट्रकचें तेल फार धुतें म्हणून तें पेट्रोलच्या मोटारींत ओतण्याची जी हौस कांहीं जणांस असते, तीहि सोडावी. त्या तेलांत फॉस्फरस अधिक असूं शकतो आणि त्यानें धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कालांतरानें निकामी होतें. डब्यावरील मोठ्या अक्षरांतील आश्वासनापेक्षां मागच्या बाजूचीं बारीक अक्षरें वाचण्यांत शहाणपण आहे. गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला जाडीचा अंक व दर्जा तेथें जुळला पाहिजे. सोलापूरच्या उन्हाला भिऊन पुस्तिकेबाहेरचें जाड तेल घालण्याचेंहि कारण नाहीं.

राहिला रॉकेलचा प्रयोग. तेल काढून चेंबरमध्यें रॉकेल किंवा डिझेल ओतावयाचें, पांच-दहा मिनिटें एंजिन चालवावयाचें आणि काळा लोंढा बाहेर पडला कीं गिऱ्हाइकाला दाखवावयाचा, ही रीत पुष्कळ ठिकाणीं चालते. लोंढा पाहून गिऱ्हाईक खूष होतें यांत नवल नाहीं. परंतु रॉकेलांत वंगणाचा गुण जवळजवळ नाहीं. त्या पांच-दहा मिनिटांत बेअरिंगांवरील तेलाचा पातळ पडदा धुऊन जातो व धातूवर धातु घासूं लागतो. शिवाय सर्वच्या सर्व रॉकेल कधीं बाहेर येत नाहीं. आडवाटेच्या नळ्यांत राहिलेलें नव्या तेलांत मिसळतें आणि तें पातळ करतें. बाटलींतून मिळणारीं धुण्याचीं द्रावणें याहून सौम्य असलीं, तरी त्यांच्या सूचना अक्षरशः पाळाव्या लागतात. तीं घालून गाडी रस्त्यावर नेणें म्हणजे संकटास आमंत्रण देणें होय.

शेवटीं प्रश्न उरतो तो जुन्या, दुर्लक्षित गाडीचा. अशी गाडी कोणा नातेवाइकाकडून किंवा बाजारांतून हातीं येते. तिचें तेल केव्हां बदललें होतें, हें कोणास ठाऊक नसतें. झांकण उघडून आंत टॉर्च टाकावा. आंतील धातु पिवळसर अथवा तपकिरी दिसली, तर चिंता नाहीं. पुस्तिकेंत सांगितलेलें चांगलें तेल भरावें आणि गाडी चालवावी. काळा गाळ लोण्यासारखा थापलेला दिसला, तर मात्र तेथें कोणतेंहि जोराचें औषध देऊं नये. त्या गाळाचा तुकडा सुटून जाळींत बसला, तर जें एंजिन मळलेल्या स्थितींत आणखी दोन वर्षें चाललें असतें, तें दोन दिवसांत बसावयाचें. अशा गाडीचा चेंबर खोलून जाळी हातानें साफ करून घेणें, हा सर्वांत सरळ मार्ग. गॅरेजवाला त्यास कंटाळतो, कारण त्यांत श्रम अधिक व नफा कमी. परंतु मालकानें आग्रह धरावा. नंतर योग्य दर्जाचें साधें तेल व नवा फिल्टर घालून दीड-दोन हजार किलोमीटरांनीं दोन्ही बदलावे, पुन्हां तितक्याच अंतरानें बदलावे, आणि मगच नेहमीच्या मुदतीवर जावें. काढलेलें तेल रस्त्याकडेला किंवा गटारांत न ओततां जुनें तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावें.

या पहिल्या कांहीं महिन्यांत तेलाच्या तांबड्या दिव्यावर विशेष लक्ष असावें. गाडी चालतां चालतां तो लागला, तर पंपाला तेल मिळत नाहीं असेंच समजून एंजिन त्या जागींच बंद करावें. मग ती जागा तुळजापूरचा घाट असो कीं टिळक चौकांतील गर्दी. पुढच्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊं, असें म्हणून जो मालक आणखी एक-दोन किलोमीटर जातो, त्याचें एंजिन बहुधा तेवढ्याच अंतरांत जातें. दोर लावून गाडी ओढून नेण्याचा खर्च त्यापुढें अगदीं क्षुल्लक असतो.