कारागिरी कोणाच्या हाती?

(जवळा बाजार येथील कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



जवळा बाजारसारख्या बाजारगावात पत्राकाम करणाऱ्या कारागिराची गरज बारमाही असते. धान्याची कोठी, छपराची पन्हाळ, उन्हाळ्यातला कूलर, तेलाचे नरसाळे ही सारी त्याच्या हातची निर्मिती. परंतु हा कारागीर घडतो कसा, हा प्रश्न कामगार चळवळीने क्वचितच विचारला. मुलगा दुकानात येतो, झाडलोट करतो, शेगडी पेटवतो, पत्रा धरून बसतो. पाहून पाहून जेवढे येईल तेवढे येते. उस्तादाने शिकवावेच असे बंधन नाही आणि मुलाने मागावे असा करारही नाही.

नरसाळ्याचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या वरच्या शंकूच्या तोंडाची त्रिज्या 10 सेंटिमीटर आणि तिरकस बाजू 20 सेंटिमीटर हवी असेल, तर सपाट पत्र्यावर नेमके अर्धवर्तुळ आखावे लागते. माप बदलले की कोन बदलतो. उस्तादाच्या फर्म्यावरून कापणारा मुलगा जन्मभर त्याच मापाचे नरसाळे करील. आखणीचे गणित कळलेला हवे ते करील. परंतु गणित कळलेला मुलगा उद्या वाढीव मजुरी मागतो किंवा समोरच दुकान थाटतो. म्हणून आखणी शिकविण्याची वेळ सहसा येतच नाही.

यावर कायद्याचा इलाज अपुरा आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार करार होतो तो मालक आणि उमेदवार, वा अल्पवयीनाचा पालक, यांच्यात. संघटनेला त्यात स्थान नाही. कलम 18 प्रमाणे उमेदवार हा प्रशिक्षणार्थी मानला जातो, कामगार नव्हे. सुरक्षा आणि अपघातभरपाई यांसारखे अपवाद वगळता कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. 2019 च्या नियमदुरुस्तीने 30 वा अधिक माणसांच्या आस्थापनांना उमेदवार घेण्याची सक्ती झाली. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनांस ते ऐच्छिक राहिले. दोघा-तिघांचे पत्र्याचे दुकान या हिशेबातच येत नाही.

अमेरिकेतील पत्राकामगारांनी 1888 साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे संघटना स्थापिली. तेथे प्रशिक्षण चालविणाऱ्या संयुक्त समित्यांवर मालकांचे आणि संघटनेचे प्रतिनिधी समसमान असतात. सामुदायिक करारानुसार कामाच्या दर तासामागे ठराविक रक्कम प्रशिक्षण निधीत जाते. उमेदवाराचा पगार पूर्ण कारागिराच्या पगाराच्या ठराविक टक्क्यांनी सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढतो. शिकविणे हे तेथे उस्तादाच्या मर्जीवर राहिलेले नाही.

तथापि या चित्राची काळी बाजूही लपविता कामा नये. न्यूयॉर्कच्या याच धंद्यातील 28 क्रमांकाच्या शाखेने कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारल्याचा निष्कर्ष तेथील राज्य मानवी हक्क आयोगाने 1964 मध्ये काढला. जुन्या सभासदांच्या मुला-नातलगांसाठी दार उघडे होते, इतरांसाठी बंद. प्रकरण वर्षानुवर्षे चालले. अखेर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौरेतर सभासदांचे प्रमाण 29 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट कायम ठेवले. जिथे धंदा जातीने वाटला गेला, त्या समाजाने हा धडा विशेष ध्यानात घ्यावा. संघटनेच्या हाती शिक्षण आले आणि दार नात्यागोत्यापुरतेच राहिले, तर ती नवी जातच होय.

औंढा नागनाथ तालुक्यात काय करता येईल? सात जणांनी संघटनेच्या नोंदणीचा अर्ज करावा, ही सोय 1926 च्या कायद्यात होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पत्राकाम, वेल्डिंग, लोहारकाम करणाऱ्यांची अशी संघटना उभी राहिली, तर तिने तीन गोष्टी धराव्यात: शिकणाऱ्याशी लेखी करार आणि वाढते वेतन, आठवड्यातून एक वेळ आखणी व मोजमापाचा वर्ग, आणि कोणत्याही जातीच्या मुलास, तसेच मुलीसही, खुला प्रवेश. दुकानदार स्वतः गरीब आहे, त्याच्यावर सारा भार टाकून चालणार नाही. म्हणून शासनाच्या विद्यावेतन साहाय्याची व्याप्ती या छोट्या दुकानांपर्यंत नेण्याची मागणी संघटनेनेच लावून धरली पाहिजे.

हे काम मोर्चाइतके डोळ्यांत भरणारे नाही. पण शेगडीजवळ बसलेल्या मुलाच्या हाती कंपास आणि मोजपट्टी देण्याचे काम कार्यकर्त्यांखेरीज दुसरे कोण करणार?