हौशी स्वाराची पागा

घोडेस्वारीची स्पर्धा तुम्ही कधी पाहिली आहे का? शर्यतीविषयी मी बोलत नाही. शर्यतीला गर्दी असते, आरडाओरडा असतो, आणि बघणाऱ्याचे निम्मे लक्ष घोड्याकडे तर निम्मे स्वतःच्या खिशाकडे असते. मी म्हणतो ती स्पर्धा अगदी निराळी. मैदानात रंगीत खांबांचे दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. स्वार आत येतो, परीक्षकांना नमस्कार करतो, घंटा वाजते, आणि घोडा एकेक अडथळा ओलांडू लागतो. खांब पडला की चार दोष. घोडा अडून बसला तरी चार दोष. मिनिट-दीड मिनिटात सारे आटोपते.

दुसरा प्रकार याहून शांत, त्याला ड्रेसाज म्हणतात. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा चौकटीत घोडा ठरलेल्या चाली ठरलेल्या जागी करून दाखवतो, आणि प्रत्येक चालीला दहापैकी गुण मिळतात. तिसऱ्या प्रकारात हे दोन्ही असते, शिवाय रानातली दौड. गंमत अशी की, या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने उतरतात. घोड्याला त्या भेदाशी काही कर्तव्य नसते.

या स्पर्धांत उतरणारे पुष्कळसे लोक हौशी असतात. कोणी डॉक्टर, कोणी कॉलेजातली मुलगी, कोणी कारखानदार, आणि एखादा माझ्यासारखा मास्तर. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ साली हौशी स्वारांचा क्लब निघाला, तेव्हापासून आपल्याकडे ही हौस रुजत आली आहे. पण ‘हौशी’ हा शब्द मोठा फसवा आहे. हौशी नट म्हटले की आपण त्याची चूक हसून सोडून देतो. हौशी गवय्याचा सूर चुकला तर फार तर शेजाऱ्यांना त्रास होतो. घोड्याच्या बाबतीत मात्र हौशी माणसाची चूक घोड्याला भोगावी लागते. आज मला बोलायचे आहे ते एवढ्यापुरतेच.

आपल्याकडे या गोष्टीसाठी दोन जुने शब्द आहेत: बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. ज्याने स्वतःचा घोडा ठेवला आहे तो आजचा हौशी स्वार म्हणजे एका परीने शिलेदारच. घोडा त्याचा, तेव्हा जबाबदारीही त्याची. पण गंमत बघा, हा शिलेदार दिवसातून घोड्यावर बसतो किती वेळ? फार तर पाऊण तास, तास. उरलेले तेवीस तास घोडा कोठे असतो, काय करतो, त्याच्याकडे कोण बघते?

त्यासाठी पागेत यावे लागते, आणि तेही पहाटे. साडेपाचला आमच्या पागेत दिवे लागतात. मोतद्दार प्रत्येक ठाणापाशी जाऊन आधी दोन गोष्टी बघतो. रात्रीची चंदी संपली आहे का, आणि लीद नेहमीसारखी पडली आहे का. नवख्या माणसाला हे जरा विचित्र वाटते. पण घोड्याला ओकारी करता येत नाही. पोटात गेलेले जे असेल ते पुढेच गेले पाहिजे. ते मध्येच अडले की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने धडधाकट घोडा एका रात्रीत दगावू शकतो. पाचशे किलोच्या या जनावराचे पोट त्याच्या देहमानाने लहान असते, म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे गवत चघळत राहावे लागते. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. मग खरारा, मग ठाणाची सफाई, मग खूर. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो, कारण खूर आपल्या नखासारखे वाढतच असतात. फेरफटका झाल्यावर घोड्याला एकदम बांधून टाकायचे नाही. श्वास शांत होईपर्यंत हाताने धरून चालवायचे. यातले एकही काम टाळ्या मिळवून देणारे नाही.

मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी घोड्यावर बसायला शिकलो. त्या वयात पडायला शिकणे हे बसायला शिकण्यापेक्षा अवघड, हे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांनी मी एक घोडी घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच हौशी पागांत असतात तशी तीही शर्यतीतून निवृत्त झालेली. कागदोपत्री तिचे नाव लांबलचक होते. आम्ही तिला मैना म्हणतो. शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बहुधा त्याचे दिवस भरत येतात, आणि घोड्याचे आयुष्य असते पंचवीस वर्षांचे. मधली वीस वर्षे त्याने कोठे जायचे? कोणी हौशी माणूस भेटला तर बरे, नाही तर त्याच्या नशिबी काय येईल ते सांगता येत नाही.

तिला घेऊन वर्ष झाले आणि मी पहिल्या स्पर्धेत नाव घातले. अडथळे पाऊण मीटरचे, म्हणजे माझ्या टेबलाएवढे. पण आमच्या घरी जणू ऑलिंपिकची तयारी चालली होती. वर्गातली पाच-सहा मुले बघायला येणार होती. आदल्या संध्याकाळी मी शेवटचा सराव केला. आमच्या पागेचा एक नियम आहे: घोड्यावरून उतरल्यावर स्वाराने स्वतः चारी खूर साफ करायचे, मग घोडा ठाणावर न्यायचा. त्या दिवशी मोतद्दार मामा गावी गेले होते. अंधार पडत आला होता, मला घरी जाऊन कपड्यांना इस्त्री करायची होती. मी मैनेला ठाणावर बांधले, पाठीवर थोपटले आणि निघालो. खूर साफ करायचे राहिले.

पहाटे पागेत पोचलो तेव्हा मामा परत आलेले होते. मैनेच्या ठाणात ते उकिडवे बसलेले, तिचा डावा पुढचा पाय मांडीवर घेतलेला. मला बघून ते उठले नाहीत.

“सर, काल हिचे खूर कुणी साफ केले?”

“मीच... म्हणजे करायचे राहिले, मामा.”

त्यांनी मूठ उघडून दाखवली. हरभऱ्याएवढी एक खडी. नालेच्या कडेला अडकलेली. रात्रभर घोडी तिच्यावर उभी होती.

मी म्हटले, “आता काढलीत ना? जरा चालवून बघू. अंग गरम झालं की मोकळी होईल.”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तिला बाहेर काढली, कडक रस्त्यावर आणली आणि दुडक्या चालीने माझ्यापासून दूर आणि परत माझ्याकडे पळवली. “मान बघा,” एवढेच म्हणाले. तुम्हीही हे लक्षात ठेवा, कधी उपयोगी पडेल. घोड्याचा पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना त्याची मान वर झटकते. धडका पाय टेकताना खाली जाते. मैनेची मान दर पावलाला वर जात होती. फार नाही, चारएक बोटे. मैदानावरच्या प्रेक्षकाला कदाचित ते दिसलेही नसते.

डॉक्टर आले. तळव्याला दुखापत आहे, दहा दिवस विश्रांती, असे त्यांनी सांगितले. मंडळी, आता मी तुम्हाला जे सांगतो ते मी बरेच दिवस कोणाला सांगितले नव्हते. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारले, “आजच्यापुरती एखादी गोळी देता येणार नाही का?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “गोळीने दुखणं जाईल, दुखापत जाणार नाही. दुखत नाही म्हणून ती त्या पायावर सगळा भार टाकील, आणि उडी मारून खाली येताना पहिला भार याच पायांवर येतो. शिवाय अशी औषधं देऊन स्पर्धेत उतरवायला बंदी आहे, ती उगाच नाही.” मी नाव मागे घेतले. मुलांना निरोप पाठवला. त्या दिवशी दुपारपर्यंत मी मामांच्या हाताखाली मिठाच्या गरम पाण्यात तिचा पाय शेकत बसलो होतो. घोडीने एकदा वाकून माझे केस हुंगले. तिच्या मनात काही राग नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटले.

तेव्हापासून ‘हौशी’ या शब्दाचा मी थोडा शोध घेतला. त्याचा इतिहास चमत्कारिक आहे. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत १९४८ पर्यंत फक्त सनदी लष्करी अधिकारी आणि हौशी नागरिक एवढ्यांनाच भाग घेता येई. दिवसभर घोड्यावर बसणारा अधिकारी हौशी ठरे, आणि त्याच पलटणीतला सार्जंट मात्र धंदेवाईक! १९४८ साली लंडनला स्वीडनच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवले. पुढे उघडकीस आले की त्यांच्यातला पेर्सन हा वास्तविक सार्जंट होता. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. १९४९ मध्ये संघ बाद झाला आणि पदक फ्रान्सकडे गेले. त्याच्या हाताच्या कसबात आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काडीचाही फरक नव्हता, फरक होता तो खांद्यावरच्या पट्टीत. पुढे नियम बदलला. १९५२ साली हेलसिंकीला त्याच तिघांनी, पेर्सनसह, पुन्हा सुवर्णपदक जिंकले, आणि १९५६ सालीही जिंकले.

नियम बदलल्यामुळेच १९५२ साली ड्रेसाजमध्ये स्त्रियाही उतरल्या. त्यांच्यात डेन्मार्कच्या लिस हार्टेल होत्या. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला होता, आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले होते. त्यांना घोड्यावर बसवावे लागे आणि उतरवून घ्यावे लागे. पण ज्युबिली नावाच्या घोडीवर बसल्या की त्या इतर कोणाहूनही कमी नव्हत्या. त्यांनी रौप्यपदक मिळवले. त्यांना विजयाच्या चौथऱ्यावर चढायला हात दिला तो सुवर्णपदक जिंकलेल्या सेंट सीर यांनी. मला या चित्रात आणखी काही माणसे दिसतात. रोज त्यांना खोगिरावर चढवणारी, उतरवून घेणारी, ज्युबिलीची निगा राखणारी. त्यांना पदक मिळत नाही. पण त्यांच्यावाचून ते पदक मिळाले असते, असे कोणी म्हणू शकेल का?

आपल्याकडचे उदाहरणही याच जातीचे आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत तिसऱ्या प्रकारात, म्हणजे इव्हेंटिंगमध्ये, वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले ते दफेदार रघुबीर सिंग यांनी, शहजादा या घोड्यावर. दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. जुन्या नियमाने ऑलिंपिकचा दरवाजा त्यांना बंदच राहिला असता. त्यानंतर घोडेस्वारीत भारताला पुढचे आशियाई सुवर्णपदक मिळायला ४१ वर्षे लागली. २०२३ साली हांगझोऊला ड्रेसाजच्या संघाने ते आणले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. चौघेही तरुण, आणि घरदार सोडून वर्षानुवर्षे युरोपातल्या पागांत राहून शिकलेले.

म्हणजे हौशी कोण आणि धंदेवाईक कोण, हे पदव्यांवरून ठरवणे व्यर्थ आहे. आपल्या पूर्वजांना हे बरे कळत होते. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची जी व्यवस्था सभासदाने लिहून ठेवली आहे, तीत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांच्यावाचून पंचवीस स्वारांना स्वार म्हणायला ते तयार नव्हते. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्यात लढाईचे काही नाही. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाही तर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका. रात्री दिवे जपा, उंदराने पेटती वात नेली तर गंजीला आग लागेल, अशी ताकीद आहे. राज्य उभारणारा माणूस उंदराचाही विचार करतो, आणि मी, एका घोडीचा धनी, इस्त्रीच्या घाईत खूर विसरतो!

तीन महिन्यांनी मैना आणि मी पुन्हा स्पर्धेत उतरलो. एक खांब पडला, आणि तो माझ्या घाईमुळे पडला. अकरा जणांत आमचा सातवा नंबर आला. ध्वनिक्षेपकावरून माझे नाव सांगितले, घोडीचे नाव सांगितले. मामांचे नाव कोणी सांगितले नाही. ते फाटकापाशी पाण्याची बादली घेऊन उभे होते.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलाला वा मुलीला घोड्यावर बसायची हौस असेल तर जरूर बसू द्या. पण पहिला महिना तिला खोगीर देऊ नका. हातात खरारा द्या, आणि पहाटे पागेत पाठवा. हौस फिटली तर माणूस घरी जातो. घोडा तेथेच उरतो, पुढची पंधरा-वीस वर्षे. तेव्हा आधी हे बघून घ्यावे की आपली हौस तेवढी पुरणारी आहे का. मैना आता अठरा वर्षांची आहे. उड्या तिने केव्हाच सोडल्या. मी रोज जाऊन तिचे चारी खूर साफ करतो, आणि मामा नंतर ते पुन्हा एकदा बघतात.