जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कृष्णराजनगर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संस्कृती वा परंपरा यांविषयी बोलावे, असा रिवाज आहे. मी मात्र आज मंडळाच्या कार्यालयातील जुन्या संगणकाविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु सभासदांची नोंद, गणेशोत्सवाचे हिशेब, सभांची इतिवृत्ते, दिवंगत ज्येष्ठांची छायाचित्रे आणि जुन्या अंकांचे मजकूर या एकाच पेटीत साठलेले आहेत. तिचे पुढे काय करावयाचे हे ठरविताना आपण आपल्या पन्नास वर्षांच्या आठवणींचेही काही ठरवीत असतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरीही अशीच एखादी पेटी असेल. तेव्हा हे विवेचन त्यांच्याही उपयोगी पडावे.

प्रश्न आताच का उद्भवला? २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेपुरती एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली. पुढची ‘विंडोज ११’ घालावयाची तर ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. म्हणून जो तो सांगतो, जुना टाका, नवा घ्या. पण ज्याचा आधार थांबला ती प्रणाली आहे. यंत्र धडधाकट असू शकते. वासा कुजला म्हणून कोणी घर पाडत नाही, वासा बदलतो.

समजा, हाती पाच हजार रुपये आहेत. शासकीय सेवेत एक शिस्त अंगवळणी पडते : आधी पाहणी, मग अंदाजपत्रक, मग खर्च. येथेही तोच क्रम ठेवावा.

पाहणीत प्रथम धूळ झाडावी, पंखा फिरतो की नाही ते पाहावे. घड्याळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. त्याचे नाव सीआर २०३२. म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. तारीख चुकली की बँकेची वा सरकारी संकेतस्थळेही उघडेनाशी होतात, कारण त्यांची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारखेवरच पडताळली जातात. हे दुखणे एका स्वस्त सेलने बरे होते.

अंदाजपत्रकातील पहिला मान हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीचा. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा, आणि तिच्यावरून वाचक-टोक सरकते. हवी ती नोंद टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. एका वेळचे हे थांबणे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे असले, तरी संगणक सुरू होताना ते हजारो वेळा घडते. एसएसडीत हलणारा भागच नाही, म्हणून ही प्रतीक्षा जवळजवळ संपते. आपल्याला जो मंदपणा वाटतो तो बहुतांशी प्रोसेसरचा नसून या प्रतीक्षेचा असतो.

दुसरा मान रॅमचा. चार जीबीवरून आठ जीबीवर जावे. मात्र प्रणाली ३२-बिटांची असेल तर तिला चार जीबीपलीकडची रॅम सहसा वापरताच येत नाही, हे आधी पाहावे. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून जुनी पट्टी दुकानी सोबत न्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, तेव्हा जुन्या बाजारातील तपासून घेतलेली पट्टी हाही शहाणपणाचा मार्ग होय. नवा प्रोसेसर मात्र अंदाजपत्रकात धरू नये. त्यापायी मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, आणि दुरुस्तीची नवी खरेदी होऊन बसते.

राहिला प्रश्न प्रणालीचा. लिनक्स विनामूल्य मिळते. सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली ‘बॉस’ ही त्याच कुळातील. पत्रे, हिशेब, ई-टपाल आणि नातवंडांशी दृक्-संभाषण यांसाठी ती पुरेशी आहे.

परंतु जुनी डिस्क काढण्यापूर्वी थांबावे, कारण मराठी मजकुराची खरी गोम येथे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती यांसारख्या अक्षरसंचांत लिहीत असू. त्यांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली. पण त्यांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसविलेले असत. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर आपला लेख निरर्थक चिन्हांची रांग होऊन उभा राहतो. काही संचांना तर संगणकामागे जोडावयाची कुलूपवजा किल्ली लागे, आणि तिचे जुने छिद्र आजच्या संगणकांना बहुधा नसते. म्हणजे ते लेख वाचू शकणारे यंत्र कदाचित हेच एक उरले असेल.

म्हणून प्रथम ते लेख उघडून कागदावर छापावेत, मूळ फाइल जपावी आणि मग परिवर्तकाने युनिकोडात आणावेत. त्यानंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रिते तपासावीत. यंत्राला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद हमखास कळेलच असे नाही. आणि मग दक्षिणा कोणाला दिली व मजुरी कोणाला, हे आपल्या हिशेबावरून कोणालाच उमगणार नाही. हे काम दुकानदाराचे नव्हे. मराठी वाचणाऱ्या घराचेच आहे.

प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक निराळ्या वास्तूत. कावेरीच्या पुराने एडतोरेची हानी झाल्यावर उंचावर नवे गाव वसविण्यात आले, तेच हे कृष्णराजनगर. येथील रहिवाशांना या नियमाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

माझी सूचना एवढीच. मंडळाने खर्चास मंजुरी देण्यापूर्वी दोन तरुण आणि दोन ज्येष्ठ अशी चौघांची समिती नेमावी. तरुणांनी यंत्र उघडावे, ज्येष्ठांनी मजकूर वाचावा. आपल्या मुलांना कन्नड आणि इंग्रजी उत्तम येते, पण मराठी अक्षरे वाचताना ती अडखळतात. मुद्रिते तपासण्याच्या निमित्ताने ती आजी-आजोबांशेजारी बसून आपल्या मंडळाचा इतिहास वाचतील. पाच हजार रुपयांत याहून मोठी खरेदी मला तरी ठाऊक नाही.