ओत्सू : तळ्याकाठचं एक शहर
(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात पवनी येथे केलेलं भाषण)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'जपान'. आपल्या ग्रुपवर फर्माईश आली होती की बुलेट ट्रेनचं सांग. ते आधीच उरकून टाकते. मी ज्या ओत्सू शहरात दीड वर्ष राहिले तिथून बुलेट ट्रेन जाते, पण थांबत नाही. साध्या गाडीने दहा मिनिटांवर क्योतो आहे, सगळं जग तिकडे उतरतं. भंडाऱ्याचा माणूस बाहेर गेला की 'नागपूरजवळ' म्हणतो ना, तसे ओत्सूचे लोक 'क्योतोजवळ' म्हणतात. त्यामुळे मला तिथे पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही.

२०१८ मध्ये पुण्याच्या आमच्या कंपनीने मला तिथल्या एका कारखान्याच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी पाठवलं. टोकियो मिळेल अशी आशा होती. भूगोलाच्या सरांनी होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू अशी चार बेटं पाठ करून घेतली होती, तेवढ्याच भांडवलावर मी निघाले. ओत्सू हे नावही तोवर ऐकलं नव्हतं.

जपानमध्ये ४७ प्रांत आहेत, आणि प्रत्येकाला आपला निवडून दिलेला राज्यपाल आणि विधिमंडळ आहे. ओत्सू ही त्यांतल्या शिगा प्रांताची राजधानी. शिगाचं क्षेत्रफळ साधारण ४,००० चौरस किलोमीटर आणि वस्ती १४ लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपला भंडारा जिल्हाच समजा. पण प्रांताच्या मधोमध बिवा नावाचं तळं आहे आणि त्याने एकषष्ठांश जागा व्यापली आहे. ६७० चौरस किलोमीटर पसारा, सर्वांत खोल जागी १०० मीटरपेक्षा जास्त पाणी, आणि वय सुमारे ४० लाख वर्षं. आपण तलावांच्या जिल्ह्यातली माणसं. तलाव म्हटला की पलीकडच्या पाळीवरची बकरी दिसली पाहिजे. ओत्सूच्या काठावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर नुसतं पाणीच दिसतं.

शहराचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण इतिहासात मला कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत हे मॅडम विसरल्या नसतील. ६६७ साली सम्राट तेंजीने देशाची राजधानी इथे आणली. पाचच वर्षांत, ६७२ मध्ये, गादीवरून युद्ध झालं आणि राजधानी परत गेली. पुढे टोकियो-क्योतो रस्त्यावरचा शेवटचा मुक्काम म्हणून गाव वाढलं. हायकूचा कवी बाशो याची समाधी इथेच आहे.

ओत्सूला पोहोचून महिना झाला होता. आईला फोनवर सांगत होते की मागे एक मोठा डोंगर आहे, हिएई म्हणतात, वर बाराशे वर्षांपूर्वीचा बुद्धविहार आहे. आई म्हणाली, "अवं, आपल्या रुयाळचे भन्तेजी तिथंच तं शिकले!" मी गप्पच झाले. रुयाळचा महास्तूप आपण सगळ्यांनी पाहिलेला, दर फेब्रुवारीत तिथल्या धम्म महोत्सवाला पवनीचा रस्ता गर्दीने बंद होतो. भदन्त संघरत्न माणके लहानपणी जपानला गेले होते हेही ऐकून माहीत होतं. पण 'जपान' म्हणजे कुठे, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. ते एन्र्याकुजी माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर होतं.

त्या रविवारी केबलच्या गाडीने वर गेले. साइचो नावाच्या भिक्षूने ७८८ साली हे ठिकाण सुरू केलं. १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने सगळा डोंगर जाळला, हजारो माणसं मारली. मुख्य मंदिरात एक दिवा आहे, तो साइचोपासून विझलेला नाही असं मानतात. मग डोंगर जळाला तेव्हा? त्याच ज्योतीवरून पेटवलेला एक दिवा दूर उत्तरेत, यामादेरा इथे होता. तिथून ज्योत परत आणली. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात, आणि आम्ही तो रोज रात्री घेतो तरी कधीतरी फसतोच. मी गेले तेव्हा मंदिरावर दुरुस्तीचं भलंमोठं आवरण होतं, आत अंधार आणि लाकडाचा वास होता. मी पवनीची, आपल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये खोदकाम होऊन प्राचीन स्तूप निघाला तिथली. असं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भाषा येत नव्हती, तशीच खाली उतरले.

आता पाण्याबद्दल. बिवाला शंभराहून जास्त लहानमोठ्या नद्या मिळतात, पण तळ्यातून नैसर्गिकपणे बाहेर पडणारी नदी एकच, सेता. ती ओत्सूतून निघते आणि पुढे नाव बदलत ओसाकाच्या समुद्राला जाते. वाटेतली सुमारे १ कोटी ४० लाख माणसं या तळ्याचं पाणी पितात. क्योतोच्या लोकांनी फार तोरा दाखवला की शिगाचे लोक हसत म्हणतात, पाणी बंद करू का? सेतावर दारं असलेला बंधारा आहे. पावसाळ्यात दारं उघडली तर खालच्यांना भीती, बंद ठेवली तर काठावरच्यांना. गोसेखुर्दच्या ३३ दारांखाली आणि वर राहणाऱ्यांना हे मी काय समजावू?

क्योतोला पाणी नेणारा एक कालवाही ओत्सूतूनच निघतो. तानाबे साकुरो नावाचा मुलगा १८८३ मध्ये इंजिनिअर झाला. या कालव्याचाच त्याने कॉलेजात प्रबंध लिहिला होता, म्हणून २१व्या वर्षी ते काम त्याच्या हाती दिलं. १८९० मध्ये कालवा पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. एकविसाव्या वर्षी मी हॉस्टेलमध्ये पहिल्या मुलाखतीसाठी उसनी ओढणी शोधत होते.

पण ओत्सूत मला सगळ्यात जास्त कामाची वाटलेली गोष्ट कपडे धुण्याच्या पावडरची आहे. मे १९७७ मध्ये बिवाचं पाणी लालसर झालं आणि त्याला मासळीसारखा वास सुटला. पाण्यात सूक्ष्म जीव बेसुमार वाढले होते, आणि त्यांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टींत धुण्याच्या पावडरमधलं फॉस्फरस होतं. म्हणजे दोष कुणा एका कारखान्याचा नव्हता, घराघरातल्या मोरीचाही होता. शिगाच्या बायकांनी पावडर सोडून साबण वापरायचा ठरवलं. तळणीचं उरलेलं तेल गोळा करून त्याचा साबण करवला. दारोदार गेल्या. १९७९ मध्ये प्रांताने कायदा केला आणि १ जुलै १९८० पासून फॉस्फरसवाली पावडर विकायला आणि वापरायलाही बंदी आली. १ जुलै हा आता 'बिवा दिवस', त्या सुमारास लोक काठ साफ करायला उतरतात. आमच्या ऑफिसातली साहेब मंडळीही हातमोजे घालून आली होती. सगळं छान झालं असं नाही. पाणवनस्पती अजून माजतात, बाहेरून आलेले मासे तिथले मासे खातात. आपल्या वैनगंगेवरची जलपर्णी आठवली.

मी तिथे हे सगळं कौतुकाने बघत होते त्याच वर्षी बाबांचे फोन येत होते.

माझ्या गावचा तलाव तुम्हाला माहीत आहे. पाळीवरून मी सायकलने शाळेत यायचे, आणि या हॉलमधले निम्मे मुलगे शाळा बुडवून तिथेच पोहायला शिकले. माझे आजोबा गावचे पाणकर. तुडूम कधी उघडायचा, कुणाच्या बांधीला आधी पाणी, हे ते ठरवत. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाला, नावच 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे आपला 'मामा तलाव' पडलं. गाळ काढायचं काम गावाच्या हातून सुटलं. २०१८ मध्ये सलंगाच्या बाजूने कुणीतरी मुरमाचे ट्रक टाकायला लागलं. बाबा अर्ज करत होते, कार्यालयांत खेपा घालत होते. रात्री फोनवर सांगायचे, आज चार ट्रक, आज सहा. मी दिवसभर काम करून थकलेली. एकदा म्हणाले, "बाबा, सोडा ना. तुम्ही एकटे काय करणार? तब्येत सांभाळा." ते "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी तलावाबद्दल माझ्याशी बोलणं बंद केलं. मला वाटलं, विषय संपला. मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीतून दुसऱ्यांचं तळं साफ करायला गेले.

२०२१ मध्ये बाबा गेले. त्यांच्या पेटीत दोनशे पानी वही सापडली. दर चैत्रात घाटाच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, हे त्यांनी १९८४ पासून लिहून ठेवलं होतं. अर्जांच्या प्रतीही त्यातच. शेवटची नोंद २०२० ची आहे. मला "बरं" म्हटल्यानंतरही ते दोन वर्षं मोजत होते.

आपल्याकडे कुणी काही करत नाही असंही नाही. अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजातल्या बायकांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मिळून तलावांत पुन्हा देशी वनस्पती लावल्या, मासे परत आणले. ओत्सूपर्यंत जायची गरज नव्हती. मी लांबून गेले.

एक शेवटचं. शिगामध्ये १९८३ पासून प्रांताच्या मालकीचं एक जहाज आहे, त्याला 'तरंगती शाळा' म्हणतात. प्रांतातली पाचवीची सगळी मुलं त्यावर एक रात्र काढतात. पाणी वर काढतात, भिंगाखाली बघतात, किती खोलवर दिसतं ते मोजतात. आपल्याकडे जहाज नाही, पाळ आहे. मुख्याध्यापक सरांशी मी बोलले, ते पाचवीच्या मुलांना एक दिवस पाठवायला तयार आहेत. बाटल्या, मोजपट्टी आणि जेवणाची सोय मी करते. शाळेच्या कमानीसाठीची माझी वर्गणीही दिली आहे, खजिनदारांनी काळजी करू नये.

बाबांची वही मी सोबत आणली आहे, जेवताना कुणाला बघायची असेल तर सांगा. उद्या सकाळी सात वाजता मी पाळीवर पायऱ्या मोजायला जाणार आहे. गाडीत चौघांची जागा आहे.